चार घाटांपलीकडचं बारसं

खोपोलीअलीकडच्या चौक गावच्या मोरू मिस्त्रीला ब्रेक कानानं कळत. ट्रक अजून ढाब्यापाशी असायचा आणि हा गॅरेजात बसल्या बसल्या सांगायचा, "डाव्या बाजूच्या मागच्या चाकाचा लायनर गेलाय." ड्रायव्हर खाली उतरेपर्यंत याचा जॅक लागलेला असायचा. मुंबईहून पुण्याला निघालेले मालट्रक बोरघाट चढायच्या आधी त्याच्याकडं थांबत, आणि मोरूनं बॉनेटवर थाप मारून "जा" म्हटल्याशिवाय कित्येक ड्रायव्हर घाटाला गाडी लावत नसत. सत्तावीस वर्षं हा धंदा. आणि गंमत ऐका, या सत्तावीस वर्षांत खुद्द मोरू मिस्त्री शिंगरोबाच्या देवळाच्या वर कधी गेला नव्हता. शिंगरोबाचं देऊळ म्हणजे निम्मा घाट.

कारण काय, तर त्याला गाडी लागायची. साधीसुधी नव्हे. खोपोली सुटली, पहिलं वळण आलं की तोंडाला पाणी सुटायचं, दुसऱ्या वळणाला डोकं खिडकीबाहेर, आणि तिसऱ्याला माणूस हळदीसारखा पिवळा. लहानपणी बाप त्याला जेजुरीला घेऊन निघाला होता. शिंगरोबाशी एस.टी. थांबवून त्याला उतरवावं लागलं आणि बापलेक चालत खाली आले. खंडोबा राहिला तो राहिलाच. पुढं आलं झालं, लिंबू झालं, पोटाला वर्तमानपत्र बांधून झालं. काही उपयोग नाही. सपाटीवर माणूस ठणठणीत, कर्जतला जा नाहीतर पनवेलला जा. पण घाट म्हटला की संपलं. ड्रायव्हर लोक तोंडावर म्हणायचे, "मिस्त्री, तुमी म्हंजे दुसऱ्यांची लग्नं लावणारा ब्रह्मचारी." मोरू हसायचा आणि पान्हा घेऊन गाडीखाली सरकायचा. गाडीखाली तोंड दिसत नाही, हा एक फायदा.

आता हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण मोरूच्या एकुलत्या एका लेकीचं, पारूचं सासर पडलं पाचगणीला. एका ओळखीच्या ड्रायव्हरनं स्थळ आणलं. मुलगा महादू, तिथल्या एका शाळेच्या बागेत माळी, निर्व्यसनी, घरात आई. घर बघायला मोरू निघाला, आणि अर्थात शिंगरोबाशी उतरला. पुढं गेला त्याचा दोस्त बुधाजी. त्यानंच घर पाहिलं, सासू पाहिली, शब्द दिला. लग्न चौकला झालं. त्यानंतर तीन वर्षांत मोरूनं लेकीचा उंबरा पाहिला नाही.

आमच्याकडं एक रीत आहे. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही. मोरूला ही रीत फार सोयीची पडली. कुणी विचारलं, "काय मिस्त्री, पोरीकडं गेला नाय?" की उत्तर तयार. "आपल्याला तिच्या घरचं पानी चालत नाय ना!" पाणी चालत नाही म्हणून पाऊलही टाकू नये, असं कुठल्या शास्त्रात लिहिलंय? पण मिस्त्रीला तोंडावर विचारणार कोण! साडी, पापड, तांदूळ, जे काय पाठवायचं ते तो घाट चढणाऱ्या ट्रकवाल्यांच्या हाती पाठवायचा. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, तर घरात बाई नाही. गौराबाई, मोरूची बायको, पाच वर्षांपूर्वी काविळीनं गेली होती. म्हणून तेही सासरीच झालं. हे मात्र मोरूला फार लागलं होतं.

चौऱ्याहत्तर सालच्या जानेवारीत पारूचं कार्ड आलं. मुलगी झाली. गुरुवारी दिवेलागणीला बारसं. खाली दोन ओळी होत्या : "बाबा, आता पाणी चालतं. नुसतं सामान धाडू नका, तुम्ही या. नाही आलात तर मी समजेन की आईबरोबर बापही गेला."

मोरूनं ते कार्ड तीनदा वाचलं आणि खिशात ठेवून दिलं. बारशाचं सांगितलं, पण त्या दोन ओळींबद्दल कुणाला बोलला नाही. जायचं त्यानं मनाशीसुद्धा ठरवलं नाही. तेवढी हिंमतच नव्हती. त्यानं पाळणा करायला घेतला. बारशाचा पाळणा आजोळचा असतो, आणि मिस्त्रीच्या घरचा पाळणा म्हणजे तो कसा असणार? लोखंडी नळीचे दोन उभे खांब, वरती आडवी नळी, आणि झोका ज्यावर हलायचा तिथं डायनामोची दोन बेरिंगं. बोट लावलं की पाळणा हलायचा आणि इतका वेळ हलत राहायचा की बघणारा कंटाळावा. आवाज काडीचा नाही. वरून हिरवा रंग.

गुरुवारी सकाळी पाळणा गॅरेजासमोर उभा होता. ज्या ट्रकमधून तो पाचगणीला धाडायचा होता, त्या ट्रकचा पत्ता नव्हता. सात वाजले, साडेसात वाजले. मोरू रस्त्याच्या कडेला उभा राहून पनवेलच्या दिशेला मान लांब करत होता. आठ वाजता एक जीप आली, पण ती कर्जतच्या फाट्यानं. बुधाजीची.

हा बुधाजी भिसेगावचा. मिल्ट्रीच्या लिलावात घेतलेली जुनी जीप कर्जत ते चौक, कधी कळंबपर्यंत भाड्यानं फिरवायचा. त्याआधी वीस वर्षं ट्रकवर काढलेली. छप्पन सालापासून घरात बुद्धाची तसबीर, दारूला स्पर्श नाही, आणि तोंड असं की समोरच्याला राग यावा की हसू, कळू नये. मोरूची आणि त्याची दोस्ती एका भाकरीची. चांगले दिवस, वाईट दिवस, दोघांनी बरोबर काढलेले.

"हा पाळणा हितं काय करतोय?" बुधाजीनं विचारलं. "आज बारसं ना रं पारूकडं?"

"ट्रकवाला आलाच नाय."

"मग टाक माझ्या गाडीत. मी जातो."

"आत्ता? पाचगनीला?"

"नाय, पुढल्या जत्रंला. टाक म्हनतो ना!"

दोघांनी पाळणा उचलून जीपच्या मागच्या भागात ठेवला. तो उभा राहीना आणि आडवा मावेना. एका बाजूनं धरलं तर दुसरी बाजू लटपटायची.

बुधाजी म्हणाला, "हे धरायला मानूस पायजे. बस."

"मी? येडा झालास काय? मला घाट लागतो, तुला म्हायती हाय."

"ओक की मग. रस्ता काय तुझ्या बापाचा हाय, घान झाला म्हनून रडायला?"

मोरूच्या तोंडून नाही बाहेर पडायच्या आत बुधाजीनं गाडी चालू केली. पाळणा कलंडायला लागला. आपल्या हातचं काम डोळ्यांदेखत रस्त्यावर पडणार हे बघून मोरूनं धावत जाऊन उडी मारली आणि खांब धरला. असा तो निघाला. अंगात कामाचा खाकी शर्ट, पायात झिजलेल्या वहाणा, गॅरेजाच्या फळ्या उघड्याच. शेजारच्या ढाब्यावाल्याला तो फक्त ओरडून सांगू शकला, "बघ रं जरा!"

खोपोलीपर्यंत ठीक गेलं. पुढं जे झालं त्याचं वर्णन करण्यात अर्थ नाही. शिंगरोबाशी बाकीचे ड्रायव्हर नाणं टाकतात. बुधाजीनं हॉर्न वाजवला. तो नेहमीच तसं करायचा. म्हणायचा, "देव म्हनून नाय. शिंगरोबा धनगर व्हता, त्यानं हा रस्ता दाखवला. वाट दाखवणाऱ्याला सलाम करावा." मोरूनं ते ऐकलं नाही, कारण त्याचं डोकं बाहेर होतं. जीप थांबली नाही. जन्मात पहिल्यांदा मोरू मिस्त्री घाटाच्या माथ्यावर पोचला, पण माथा बघायला डोळे कुठं उघडे होते!

खंडाळ्याला तो कठड्यावर आडवा झाला. पोटात काही उरलं नव्हतं. थोडा वेळ गेल्यावर तो म्हणाला, "बुधाजी, तू जा. पाळणा दोरीनं बांध. मी चालत उतरतो."

"बरं," बुधाजी म्हणाला. "पोरीला काय सांगू?"

मोरू कठड्यावर उठून बसला.

"सांग की. जे सांगशील ते शब्दन् शब्द सांगीन."

मोरूनं खिशावर हात ठेवला. आत ते कार्ड होतं. त्याला बोलायचं होतं, पण बाप मेला नाही, तो खंडाळ्याला बसलाय, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते ओकून आलेलं की रडून, हे त्यालाच ठाऊक. बुधाजीनं बघून न बघितल्यासारखं केलं.

"असं कर," शेवटी बुधाजी म्हणाला, "लोणावळ्यापातूर चल. तितनं खाली जाणारी एस.टी. मिळंल. चालत कुठं जातोस या अवतारात?"

पोट रिकामंच होतं, एस.टी.त ओकणार तरी काय, म्हणून हे मोरूला पटलं. तो पुढं, बुधाजीच्या शेजारी बसला. पाळणा मागं दोरीनं बांधला. जीप निघाली, आणि फर्लांगभर गेली नसेल तोच मोरूनं नाक वर केलं. जळका वास. त्यानं खाली बघितलं. बुधाजीचा डावा पाय क्लचवर. नुसता टेकवलेला नाही, चांगला दाबून ठेवलेला. इंजिन बोंबलतंय आणि गाडी रेंगाळतेय.

"पाय काढ," मोरू म्हणाला.

"कुठला?"

"क्लचवरचा काढ! प्लेट जळतीय!"

"असू दे रं, बरं वाटतं जरा."

"बरं वाटतं? गेल्या दिवाळीला मी माझ्या हातानं बसवली ती प्लेट! पाय काढ, नायतर..." मोरूची मळमळ कुठल्या कुठं पळाली. "थांबव. थांबव गाडी! ऊठ तितनं! वीस वरसं गाडी चालवलीस का बैल हाकलेस?"

बुधाजी निमूट उठला आणि शेजारच्या सीटवर सरकला. मोरू स्टेअरिंगवर बसला. लायसन त्याच्याकडं होतं, कधीचं काढलेलं. दुरुस्त केलेली गाडी खोपोलीपर्यंत चालवून बघायला लागतं म्हणून. खोपोली आली की घाटाच्या तोंडाशी गाडी वळवायची आणि परत. गिऱ्हाइकाची गाडी घाटात न्यायची नाही, हा मिस्त्री लोकांचा नियम. त्यामुळं इतक्या वर्षांत त्याच्या हातातलं स्टेअरिंग कधी चढाला लागलंच नव्हतं.

"हे बघ. असा गिअर टाकायचा, आन् पाय बाजूला. कळलं?" तो शिकवत होता. बुधाजी शाळेतल्या पोरासारखी मान हलवत होता. मोरू गिअरबद्दल बोलला, कार्बोरेटरबद्दल बोलला, ही जीप आधी चालवणाऱ्या मिल्ट्रीवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. लोणावळ्याचा स्टँड मागं पडला. कामशेत गेलं. वडगाव गेलं. पुणं आलं, सायकलींच्या त्या गर्दीत मोरूला तोंड उघडायची सवड मिळाली नाही. पुणं संपलं, आणि समोर डोंगर उभा राहिला. वर जाणाऱ्या रस्त्यावर ट्रकांची रांग दिसत होती.

मोरूनं कचकन ब्रेक दाबला. "ह्यो कंचा?"

"कात्रज."

"ऊठ. तू घे आता. मला घाट लागतो."

बुधाजीनं वहाणा काढल्या, पाय वर घेतले आणि मांडी घातली. "मी नाय घेत. मला क्लचची अक्कल नाय. आत्ताच तू म्हनालास."

"बुधाजी, मस्करीची येळ नाय ही!"

"मी कुठं मस्करी करतोय? मागं फिरायचं तर फीर. स्टेअरिंग तुझ्या हातात हाय. दिवेलागनीला पोरीच्या दारात कुनी नसंल, एवढंच."

मागून ट्रकचे हॉर्न वाजायला लागले. ड्रायव्हर मंडळी शिव्या घालायला लागली. मोरूनं दात आवळले, दुसरा गिअर टाकला आणि गाडी चढाला घातली. पहिलं वळण आलं. तो तोंडाला पाणी सुटायची वाट बघत राहिला. सुटलं नाही. दुसऱ्या वळणाला त्यानं पोटाकडं ध्यान दिलं. पोट गप्प. तिसऱ्या वळणाला समोरून एस.टी. आली, तिला बाजू देण्यात तो पोटाला विसरूनच गेला. मग बोगदा आला. गार, काळा, पाणी ठिबकणारा. बोगद्याच्या मधोमध मोरूला कळलं की आपल्याला काहीतरी होतंय, आणि काय होतंय तेही कळलं. त्याला भूक लागली होती.

"बुधाजीऽ!" तो असा ओरडला की बोगदाच दणाणला. "मला भूक लागलीय रं! घाटात भूक लागलीय!"

शिरवळला दोघांनी भजी आणि पाव खाल्ला. मोरूनं दोन ताटल्या संपवल्या, तिसरी मागवली. बुधाजी चहा फुंकत म्हणाला, "क्लीनर होतो तवा मीबी ओकायचो. रोज. उस्तादाच्या शिव्या खायचो. एक दिवस उस्तादाला ताप आला, आन् मी पहिल्यांदा गाडी हातात घेतली. त्या दिवसापासून बंद. चालवणाऱ्याला गाडी लागत नाय मोरू. लागते ती शेजारी बसणाऱ्याला."

मोरूच्या हातातलं भजं हातातच राहिलं. "आन् हे तू मला आज सांगतोस? इतक्या वरसांनी?"

"कितींदा सांगितलं! दर वेळी तू म्हनालास, तुझं निराळं, माझं निराळं. तुला सांगून कळत नाय. तुला बिघाड दाखवावा लागतो."

"म्हंजे क्लच..."

"वीस वरसं ट्रक चालवला रं. मला क्लच कळत नाय व्हय?"

मोरूनं त्याला एक सणसणीत शिवी घातली. मग तो इतका हसला की हॉटेलवाला बाहेर येऊन बघायला लागला. तीन वर्षं! तीन वर्षं लेकीनं वाट बघितली आणि औषध काय, तर या सीटवरून त्या सीटवर बसायचं. हसता हसता त्याचा जीव तळमळला. सूर्य केव्हाच कलला होता. "ऊठ," तो म्हणाला. "चहा पुरे."

खंबाटकीचा घाट तो असा चढला की बुधाजीनं दोन्ही हातांनी सीट पकडली. वाई गेली. पसरणीचा घाट लागला तेव्हा उन्हं पिवळी झाली होती. वर पाचगणीचा माथा दिसत होता. पोचलोच, असं म्हणेपर्यंत वळणावर गाड्यांची रांग. पुढं एक मालट्रक ऐन वळणावर बंद पडला होता, वरची एस.टी. खाली येईना, खालचं काही वर जाईना. लोक उतरून बिड्या ओढत होते.

मोरू जीपमधून उतरला आणि तरातरा वर गेला. सरदार ड्रायव्हर स्टार्टर मारून मारून घामाघूम झालेला. मोरू दोन क्षण नुसता ऐकत उभा राहिला. "डिझेल संपत आल्तं ना? खाली उतर. पाइपात हवा धरलीय." त्यानं पान्हा मागितला, नट सैल केला, हातपंप मारला. बुडबुडे आले, येत राहिले, आणि मग नुसतं डिझेल आलं. नट आवळला. "मार आता." तिसऱ्या झटक्याला इंजिन धडधडलं, आणि सगळ्या घाटात हॉर्नचा एकच गजर झाला.

सरदार खाली उतरून त्याच्या तोंडाकडं बघायला लागला. "आप... चौकवाले मिस्त्री? मोरू मिस्त्री? यहाँ? घाट में?"

"हां, घाट में," मोरू म्हणाला. हिंदी त्याला एवढीच यायची, पण ती त्यानं अशी ऐटीत झाडली की विचारू नका. सरदारानं ट्रक कडेला घेतला आणि रांगेतल्या सगळ्यांना हात करून आधी जीप सोडायला लावली.

महादूच्या दारात कंदील लावला होता. आत बायका जमलेल्या. शेजारून मागून आणलेला लाकडी पाळणा तयार ठेवलेला, कारण जानकीबाईंनी, पारूच्या सासूनं, दुपारीच ओळखलं होतं की चौकचं कुणी येत नाही. जीपचा आवाज ऐकून पारू बाळाला घेऊन ओट्यावर आली. बुधाजी पलीकडच्या बाजूनं उतरला.

"आलात काका?" ती म्हणाली. "मला ठाऊक होतं, तुमीच येणार." तिनं पाळण्याकडं नुसतं बघितलं. "बाबांना सांगा, पोचला म्हनून."

"तूच सांग," बुधाजी म्हणाला. "मी नुसता शेजारी बसून आलो."

तेव्हा तिनं स्टेअरिंगकडं बघितलं. मोरूचे हात अजून चाकावरच होते, सोडवेनात.  तो कसाबसा उतरला. अंगावर तेलाचे डाग, केसांत चार घाटांची धूळ. 

"चुकलं गं पोरी माझं," तो म्हणाला. "लई चुकलं."

पारू आधी रडली आणि मग भांडली. तीन वर्षांचं भांडण तिनं दारातच काढलं, बायकांच्या देखत. मोरू खाली मान घालून ऐकत राहिला. आयुष्यात इतकं गोड काही त्यानं ऐकलं नव्हतं. शेवटी जानकीबाईच मधे पडल्या. "अगं, त्यांना आत तर येऊ दे. पाणी तर घेऊ दे." गुळाचा खडा आणि तांब्या त्यांनी स्वतः आणून दिला. मोरू उभ्या उभ्या सगळा तांब्या प्यायला. मग त्यांनी दुसरा तांब्या बुधाजीच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "तुम्ही तर घरचेच."

लाकडी पाळणा शेजारी परत गेला. हिरवा पाळणा मधोमध लागला. आत्यानं कानात कुर्र केलं, मुलीचं नाव सुनंदा ठेवलं, बायकांनी पाळणा म्हटला. मोरू भिंतीशी बसून नातीला न्याहाळत होता. तिचं नाक थेट गौराबाईचं, आणि ते बघून त्यानं बायकांसमोर डोळे पुसले, लाजला नाही.

जेवणं झाल्यावर पारू त्याच्याजवळ येऊन बसली. बाळ मांडीवर झोपलेलं.

"बाबा, सव्वा महिन्यानं मी माहेरी येईन म्हनते. मला न्यायला मुराळी म्हनून काकांना धाडाल ना?"

"मुराळी मीच येतो," मोरू म्हणाला. "बुधाजीची जीप घेऊन."

पारूनं त्याच्या तोंडाकडं बघितलं. तीन वर्षांत बापानं पत्रातून किती वेळा "पुढच्या खेपेला नक्की येतो" असं कळवलं होतं, आणि त्यातलं तिनं कशावरच विश्वास ठेवला नव्हता. आता तिनं बाळाच्या अंगावरचं दुपटं सारखं केलं.

"मग येताना एक जाड घोंगडी आणा," ती म्हणाली. "घाटात पोरीला वारा लागंल."